हरणाच्या शिकारीसाठी पारंपरिक धनुष्याचे पाउंडेज कसे निवडावे

पारंपरिक धनुष्य प्रथमच हाती घेणाऱ्या शिकाऱ्याचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: हरणासाठी किती पौंडांचे धनुष्य लागते? हे पौंड म्हणजे धनुष्याचे वजन नव्हे, तर दोरी पूर्ण ओढताना लागणारा जोर; त्यालाच पाउंडेज म्हणतात. प्रश्न रास्त आहे, परंतु त्यामागे धनुष्य जितके जड तितकी शिकार खात्रीची, असा एक समज दडलेला असतो आणि नवख्या माणसाचे नुकसान त्या समजामुळेच होते. पाउंडेजला खालून एक मर्यादा असते, ती कायदा घालतो. वरून एक मर्यादा असते, ती आपले शरीर घालते. या दोहोंमध्ये मिळणाऱ्या जागेत, थंडीने आखडलेल्या हातांनी, बसल्या जागेवरून, कोणतीही पूर्वतयारी न करता पहिलाच बाण नीट सोडता येईल असे पाउंडेज निवडणे, एवढेच खरे काम आहे. पुढील मांडणी लाँगबो (लांब, साध्या वाकाचे धनुष्य) आणि रिकर्व्ह (ज्याची टोके पुढे वळलेली असतात असे धनुष्य) या दोन प्रकारांना धरून केली आहे. चाके असलेल्या कंपाउंड धनुष्याचा हिशेब निराळा असतो.

आधी कायदा पाहावा

धनुष्याने हरणाची शिकार करण्यास सर्वत्र परवानगी नाही. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हरणांची शिकार हा गुन्हा आहे, मग हत्यार कोणतेही असो. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वन्य प्राणी मारण्यासाठी धनुष्य वापरण्यास बंदी आहे. अमेरिकेत मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात धनुष्याने हरिण मारता येते आणि तेथील अनेक राज्यांनी किमान पाउंडेज घालून दिले आहे. मिनेसोटात ते ३० पौंड आहे, कोलोरॅडोत ३५, तर वॉशिंग्टन राज्यात ४०. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून ज्या राज्यात शिकारीला जायचे तेथील चालू वर्षाची नियमपुस्तिका स्वतः वाचावी आणि किमान आकडा कोणत्या खेचीवर, म्हणजे दोरी किती अंतर ओढून, मोजायचा आहे हेही त्यातच पाहावे. काही ठिकाणी तो २८ इंचांच्या खेचीवर धरतात, काही ठिकाणी शिकाऱ्याच्या स्वतःच्या पूर्ण खेचीवर. ज्यांचे हात आखूड आहेत त्यांच्यासाठी हा फरक किरकोळ नाही. तो का, ते पुढे येईलच.

धनुष्यावर लिहिलेला आकडा आपला नसतो

धनुष्याच्या खालच्या भुजेवर, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या भागावर, साधारणपणे ‘४५ @ २८’ असे काहीतरी लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की दोरी २८ इंचांपर्यंत ओढली असता बोटांवर ४५ पौंडांचा भार येतो. येथे २८ इंच मोजण्याची रीत ठरलेली आहे: मुठीच्या सर्वांत खोल भागापासून, म्हणजे जेथे पंजाचा जोर येतो तेथपासून, ओढलेल्या दोरीपर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्यात पावणेदोन इंच मिळवायचे. ढोबळमानाने हे अंतर धनुष्याच्या पुढच्या कडेपर्यंत येते. आता प्रत्येकाचीच खेच २८ इंच नसते. खेचीत एका इंचाचा फरक पडला की भारात साधारण दोन ते तीन पौंडांचा फरक पडतो. म्हणजे २६ इंचांची खेच असलेल्या माणसाच्या बोटांवर ४५ पौंडी धनुष्य जेमतेम ४० पौंड भरते आणि ३० इंच ओढणाऱ्याच्या हातात तेच धनुष्य ५० पौंडांचे होते. वर म्हटलेला कायद्याचा प्रश्न येथे उभा राहतो. किमान मर्यादा ४० पौंडांची असेल, ती शिकाऱ्याच्या स्वतःच्या खेचीवर मोजली जात असेल आणि आपली खेच आखूड असेल, तर ‘४० @ २८’ असे लिहिलेले धनुष्य घेऊन मनुष्य नकळत नियमाबाहेर जातो.

म्हणून पहिले प्रत्यक्ष काम म्हणजे आपली खेच मोजणे. अगदी हलके, वीस-पंचवीस पौंडांचे धनुष्य घ्यावे, त्यावर लांब बाण लावावा आणि नेहमीच्या पद्धतीने अँकरपर्यंत, म्हणजे दोरीचा हात चेहऱ्यावर जेथे दरवेळी टेकतो त्या जागेपर्यंत, ओढावा. धनुष्याच्या पुढच्या कडेशी बाणावर दुसऱ्याने पेन्सिलीने खूण करावी. असे चार-पाच वेळा करावे, कारण पहिल्या वेळी छाती फुगवून नेहमीपेक्षा जास्त ओढण्याचा मोह सर्वांनाच होतो. खूण एका जागी स्थिरावली की बाणाच्या खोबणीपासून, जेथे दोरी बसते तेथून, त्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. त्यानंतर जे धनुष्य घ्यायचे आहे त्याची दोरी वजनकाट्याच्या आकड्यात अडकवून ती नेमकी तेवढ्या अंतरापर्यंत खाली ओढावी आणि काटा वाचावा. हा वाचलेला आकडा आपला. छापलेला आकडा कारखान्याचा. यापुढे पाउंडेज म्हणजे हा आपला आकडा असे समजावे.

कंपाउंड धनुष्य वापरून आलेल्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. साठ पौंडांचे आणि ८० टक्के सवलत देणारे कंपाउंड पूर्ण ताणल्यावर हातात केवळ १२ पौंडांचा भार उरतो, त्यामुळे मनुष्य त्यावर निवांत नेम धरून बसू शकतो. रिकर्व्ह किंवा लाँगबोचा भार शेवटच्या इंचापर्यंत वाढतच जातो आणि अँकरवर तो सर्वांत जास्त असतो. ‘मी साठ पौंडांचे धनुष्य चालवतो’ हे कंपाउंडच्या बाबतीत खरे असले तरी त्या बळावर पन्नास पौंडांची लाँगबो विकत घेणे म्हणजे फसगत ओढवून घेणे होय.

मैदानातील आराम आणि मचाणावरील आराम

सरावाच्या मैदानावर मनुष्य उभा असतो, अंग मोकळे झालेले असते, पाय जमिनीवर घट्ट रोवलेले असतात आणि बाण केव्हा सोडायचा हे तो स्वतः ठरवतो. अशा वेळी जे पाउंडेज सोसते ते शिकारीत सोसेलच असे नाही, आणि बहुतेकांची निवड चुकते ती नेमकी येथे.

शिकारीच्या वेळचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पहाटे अंधारात मचाणावर चढून बसलेल्या शिकाऱ्याच्या अंगावर कपड्यांचे दोन-तीन थर आहेत, हातमोज्यातली बोटे गारठली आहेत आणि तास-दोन तास त्याने खांदासुद्धा हलवलेला नाही. हरिण येते ते समोरून नव्हे, डाव्या बाजूच्या झुडपातून येते, थांबते, मान वर करून हुंगते. ते खाली मान घालील त्या दोन-तीन क्षणांत धनुष्य ताणायचे आहे, तेही कंबरेतून वळून, गुडघे न हलवता आणि धनुष्याचा हात आकाशाकडे न नेता. दोरी अँकरला आली आणि हरणाने नेमके त्याच वेळी एक पाऊल टाकले, त्यामुळे त्याची छाती एका खोडाआड गेली. आता थांबायचे आहे. ज्याचे धनुष्य त्याच्या ताकदीला शोभेल असे आहे तो चार-पाच सेकंद थांबतो, हरिण पुढे आल्यावर नेम जुळवतो आणि बाण सोडतो, किंवा नेम जुळलाच नाही तर दोरी हळूच परत सोडून देतो. ज्याचे धनुष्य जड आहे त्याचा हात थरथरू लागतो, दोरी इंचभर पुढे सरकते आणि हरिण नीट दिसण्याआधीच बोटे सुटतात.

दोरी परत सोडून देता येणे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. जे धनुष्य ताणल्यावर बाण सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही, ते शिकाऱ्याच्या ताब्यात नसते.

जड धनुष्याच्या खुणा सरावातही दिसतात, फक्त त्या ओळखता यायला हव्यात. दोरी अँकरला पूर्ण येत नाही आणि तिरंदाजाला ते जाणवतही नाही. ओढताना खांदा कानाकडे वर सरकतो. धनुष्य आधी वर उचलून मग झटक्याने खाली आणावे लागते. नेम बसण्यापूर्वीच बाण सुटतो आणि हे आवरता येत नाही. यांतील शेवटची खोड सर्वांत चिवट असते. ती एकदा जडली की पुढे हलके धनुष्य घेऊनही महिनोन्महिने जात नाही. खांद्याच्या सांध्याला इजा होण्याचा धोका तर वेगळाच.

पाउंडेज पारखण्याच्या कसोट्या

धनुष्य विकत घेण्यापूर्वी शक्य असेल तर कोणाकडून मागून घेऊन किंवा दुकानातच पुढील कसोट्या लावून पाहाव्यात. त्यांचा क्रम मुद्दाम असा आहे की प्रत्येक पुढची कसोटी आधीच्या कसोटीपेक्षा शिकारीच्या अधिक जवळ जाते. धनुष्य सुरक्षित दिशेला, बाण थांबवणाऱ्या टार्गेटकडे रोखलेले असावे आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. तशाने भुजा तडकू शकतात.

प्रथम उभे राहून, धनुष्याचा हात सरळ टार्गेटकडे ठेवून, दोरी सावकाश आणि एकाच गतीने ओढावी. धनुष्य डोक्याच्या वर न्यावे लागले किंवा अर्ध्या वाटेत अडखळून पुन्हा जोर लावावा लागला, तर ते धनुष्य तेथेच बाजूला ठेवावे. हे जमले तर अँकरवर दोरी धरून मनातल्या मनात आठपर्यंत मोजावे. आठव्या आकड्याला बाणाचे टोक स्थिर असले पाहिजे, निदान त्याचे डोलणे सावकाश आणि आटोक्यात असले पाहिजे. त्यानंतर बाण न सोडता दोरी परत आणावी, तीही सावकाश.

मग खुर्चीवर बसून हेच करावे. पाय किंचित उचलून धरावेत, म्हणजे जमिनीचा टेकू मिळत नाही आणि सगळा भार पाठीच्या स्नायूंवर येतो. त्यानंतर एका गुडघ्यावर बसून, पुढे कंबर उजवीकडे आणि डावीकडे वळवून पाहावे. शिकारीत जो जाडजूड कोट घालायचा आहे तो अंगात घालून पाहावे. कोटाच्या बाहीत दोरी अडकते की नाही हेही याच वेळी समजते.

सर्वांत खरी कसोटी मात्र पहिल्या बाणाची आहे. सकाळी उठल्यावर, अंग मोकळे करण्याचा कोणताही व्यायाम न करता, थंड हवेत बाहेर जाऊन एकच बाण शिकारीच्या अंतरावरून मारावा आणि धनुष्य ठेवून द्यावे. हे अनेक दिवस करावे आणि फक्त त्या पहिल्या बाणांचीच नोंद ठेवावी. मैदानावर पंचवीस बाण मारून झाल्यावर जो सुरेख पुंजका पडतो तो मनाला सुखावतो, परंतु हरणाला मारायचा असतो तो पहिलाच बाण.

मग बाण आत शिरेल का?

हलक्या धनुष्याविषयी नवख्यांना वाटणारी खरी भीती हीच असते, आणि तिला थोड्या हिशेबाने उत्तर देता येते.

पारंपरिक धनुष्यासाठी शिकारीचा बाण साधारणतः दर पौंडामागे नऊ ते दहा ग्रेन वजनाचा ठेवतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, म्हणजे ४५ पौंडांच्या धनुष्याला टोकासह ४५० ग्रेनचा, सुमारे २९ ग्रॅमचा बाण. चांगल्या बनावटीच्या धनुष्यातून असा बाण सेकंदाला १७० फुटांच्या आसपास वेगाने जातो. आता पाउंडेज वाढवून ५५ केले आणि त्याच प्रमाणात बाण ५५० ग्रेनचा केला, तर वेग जवळपास तेवढाच राहतो. वाढतो तो बाणाचा रेटा. उलट बाण हलकाच ठेवून वेग वाढवला तर धनुष्य अधिक आवाज करते, भुजांवर ताण येतो आणि बाण आत जाण्याच्या दृष्टीने हाती फारसे काही लागत नाही.

वेगाविषयी आणखी एक गोष्ट. हरिण दोरीचा आवाज ऐकून दचकते आणि पळण्यासाठी अंग खाली घेते, हे अनुभवी शिकारी जाणतात. वीस यार्ड, म्हणजे साठ फूट अंतर कापायला १७० फूट वेगाच्या बाणाला सुमारे ०.३५ सेकंद लागतात. आवाज मात्र सेकंदाला सुमारे १,१२५ फूट जातो, त्यामुळे तो पाऊणेक क्षणही न लावता, ०.०५ सेकंदात पोहोचतो. वेग १७० वरून १८५ वर नेला तर वाचतो तो सेकंदाचा जेमतेम तिसावा-पस्तिसावा भाग. एवढ्याशा लाभासाठी दहा पौंड जास्त ओढण्यापेक्षा अंतर वीसवरून पंधरा यार्डांवर आणणे कितीतरी शहाणपणाचे, कारण तेथे सुमारे ०.०९ सेकंद वाचतात आणि नेमही सोपा होतो.

बाण आत शिरण्यास पाउंडेजपेक्षा तीन गोष्टी जास्त कारणीभूत असतात. पहिली म्हणजे पात्याची धार. बाण बंदुकीच्या गोळीप्रमाणे धक्क्याने मारत नाही. पाते रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे कापते, रक्तस्राव होतो आणि प्राणी कोसळतो. म्हणून पाते दाढी करता येईल इतके धारदार हवे. कमी पाउंडेजला दोन धारांचे, स्थिर, अरुंद पाते उत्तम. बाण लागल्यावर उघडणारी पाती स्वतः उघडण्यातच बाणाची ताकद खर्च करतात, म्हणून ती या धनुष्यांसाठी मी सुचवणार नाही. दुसरी गोष्ट बाणाचे सरळ जाणे. बाणाच्या काडीची लवचिकता धनुष्याशी जुळली नाही तर तो शेपटी हलवत जातो, तिरका लागतो आणि जास्त पाउंडेजची सगळी कमाई त्या तिरकेपणात वाया जाते. तिसरी गोष्ट लागण्याची जागा. हरिण पूर्ण आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असताना पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात बाण लागला तर वाटेत फक्त बरगड्या येतात. तोच बाण खांद्याच्या रुंद हाडावर बसला तर दहा पौंड जास्त असूनही अडकू शकतो. समोरून येणाऱ्या किंवा चालत्या हरणावर बाण सोडूच नये.

या सर्वांचा विचार करता माझे मत असे की, वर सांगितलेल्या कसोट्या उतरत असतील तर आपल्या खेचीवर मोजलेले ४० ते ४५ पौंड पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी बहुतेक प्रौढांना पुरेसे आहे. पन्नास सहज पेलणाऱ्याने पन्नास घ्यावे; त्यात गैर काही नाही. ज्याला ३५ च पेलते आणि कायदा ३५ ला परवानगी देतो, त्याने जड बाण, अरुंद आणि धारदार पाते आणि पंधरा यार्डांच्या आतले अंतर यांचे पथ्य कसोशीने पाळावे. एल्क किंवा मूस यांसारख्या मोठ्या जनावरांचा हिशेब मात्र वेगळा आहे. जुन्या इंग्रज धनुर्धरांची शंभर पौंडांहून जड धनुष्ये १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजातून मिळाली आहेत आणि त्यांचा दाखला उत्साहाने दिला जातो. पण ते लोक लहानपणापासून त्याच सरावात वाढलेले होते, हे सांगायचे राहून जाते.

धनुष्याची लांबीही पाहावी

पाउंडेज तेच असूनही दोन धनुष्ये हाताला वेगळी लागतात. आखूड धनुष्य लांब खेचीने ओढले की शेवटच्या दोन-तीन इंचांत भार एकाएकी चढतो आणि भिंतीला टेकल्यासारखे वाटते. ज्याची खेच २८ इंच किंवा त्याहून जास्त आहे त्याने साठ इंचांपेक्षा आखूड रिकर्व्ह घेताना दहादा विचार करावा. बासष्ट किंवा चौसष्ट इंचांचे धनुष्य झाडीत किंचित अडचणीचे ठरते, पण बोटांना फार सुखाचे असते.

हळूहळू चढत जाणे

नवख्याने पहिले धनुष्य शिकारीचे घेऊ नये. भुजा सुटून बदलता येतात असे टेकडाउन रिकर्व्ह घ्यावे, म्हणजे मूठ तीच ठेवून भुजांच्या जोड्या बदलता येतात आणि पैसाही वाया जात नाही. सुरुवात २५ ते ३० पौंडांवर करावी. तेथे अँकर, पाठीच्या स्नायूंनी ओढणे आणि बोटे मोकळी सोडणे अंगवळणी पडू द्यावे. सर्व कसोट्या सहज उतरू लागल्या की पाच पौंड वाढवावेत, त्याहून अधिक नाही. आठवड्यातून तीन-चार दिवसांचा, थोड्या पण नीट मारलेल्या बाणांचा सराव रोजच्या शंभर बाणांपेक्षा हितकारक ठरतो. खांद्यात किंवा कोपरात दुखू लागले तर थांबावे आणि पुन्हा सुरू करताना एक पायरी खाली उतरावे. दोरी चढवताना मात्र पायात धनुष्य अडकवून वाकवण्याऐवजी नेहमी स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवण्यासाठीचे साधन, वापरावा, कारण भुजेला पीळ पडतो तो बहुधा या घाईतच.

हंगाम तोंडावर आला असता पाउंडेज वाढवू नये. शिकारीला जाण्याच्या निदान दोन महिने आधी जे पेलत असेल तेच अंतिम मानावे आणि उरलेला वेळ त्याच धनुष्यावर, त्याच बाणांवर घालवावा. भुजा बदलल्या की काडीची लवचिकता पुन्हा जुळवावी लागते, म्हणून नव्या भुजांसोबत आधी पिसे नसलेला एक बाण दहा-बारा यार्डांवरून मारून पाहावा. तो पिसे असलेल्या बाणांशेजारी, सरळ शिरलेला दिसला तरच त्यावर शिकारीचे पाते चढवावे.